घोट्यातला हिरवा रंग

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एक्स-रे सेंटरात मल्लिनाथनं अख्खी हयात घालवली. फिल्म उजेडावर धरून तो नुसता "हं" म्हणाला, तरी पेशंट डॉक्टरच्या आधीच कण्हायला लागायचा, असा दरारा. पण त्याच्याच हाताखाली शिकलेली रुपाली जुळे सोलापुरातल्या नव्या स्कॅन सेंटरची मुख्य झाली, आणि मल्लिनाथच्या पोटात दुखायला लागलं.

तिचं मशीन म्हणे रंगीत! याच्या मशीनला किरण आले किती, एवढंच कळायचं. तिच्या मशीनचा डिटेक्टर प्रत्येक किरणाची ताकदही ओळखायचा. म्हणून हाड एका रंगात, सांध्यात साचलेले खडे दुसऱ्यात. "टीव्ही हाय का त्यो?" चहाच्या टपरीवर मल्लिनाथ म्हणायचा. लोक हसायचे आणि जुळे सोलापूरची रिक्षा पकडायचे.

त्यातच बायकोचा, अक्कम्माचा, घोटा ठणकायला लागला. मल्लिनाथनं फिल्म काढली. हाड स्वच्छ. "काय न्हाय तुला. मनाचे खेळ." रंगीत स्कॅन करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं, तरी यानं उन्हाळा घालवला, दिवाळी घालवली. रुपालीच्या दारात जायचं? जीव गेला तरी नाही! जीव अर्थात अक्कम्माचा जात होता.

शेवटी तिला जिना उतरवेना, तेव्हा जावंच लागलं. रुपाली पाया पडली, स्वतःची खुर्ची पुढे केली. मल्लिनाथला ती खुर्ची बसताना टोचली. काचेपलीकडे अक्कम्मा मशीनमध्ये सरकली आणि यानं मनात हात जोडले. सिद्धरामेश्वरा, काही निघू नये. बायकोसाठी नव्हे; रुपाली खरी ठरू नये म्हणून.

पडद्यावर घोटा उमटला. हाडं निळी, सांध्याच्या कडेला हिरवे ठिपके.

"युरिक अ‍ॅसिडचे खडे दिसतायत, सर," रुपाली हळूच म्हणाली. "रिपोर्ट डॉक्टर देतील, पण यावर औषध आहे. काकूंना तुम्हीच सांगा ना." तिचा हा मोठेपणाही त्याला सोसवेना.

अक्कम्मा लंगडत बाहेर आली. तो खाली बघत म्हणाला, "खडे हायत. गोळ्यानं जातील."

आता ही चारचौघांत आपल्याला झाडणार, असं त्याला वाटलं. पण तिचा चेहरा उजळला.

"म्हंजी खरंच दुखत व्हतं की वो मला!" ती म्हणाली. "तुमी न्हाय म्हणला, तवापासनं मी मलाच खोटी समजत व्हते."