कपाळापर्यंत आलेली अक्का

पुडे बांधणाऱ्या माणसाच्या खिशात सुतळीचे तुकडे साठतात. टाकून द्यायला जीव होत नाही आणि ठेवून कामाला येत नाहीत. दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच. मी जळगावात नानांच्या दुकानात जन्मभर पार्सलं बांधली, त्यामुळे माझ्या खिशात दोन्ही भरपूर. शाळा चौथीत सुटली. तेव्हा भाषा बघायची असेल त्याने दुसरं काहीतरी वाचावं.

दुकान बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं. ज्वारी भिजवून, कांडून, शिजवून थापायची, वर तीळ लावायचे आणि उन्हात खाटेवर वाळवायची. नानांची बायको अक्का बिबड्या करायची, नाना विकायचे. पुढे दुकान, मागे घर, मधे लांब बोळ.

दुकानाचा नियम एकच. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग भाव. अक्का बोळातून तांब्या घेऊन यायची. ती येईपर्यंत नाना तोंड उघडत नसत.

एकदा मोटारीतून एक साहेब उतरला. म्हणाला, "पाणी नको, भाव सांगा."

नाना म्हणाले, "बसा."

"अहो, मला घाई आहे."

"मग लवकर प्या."

प्याला बिचारा. बिबड्या घेतल्या आणि निघताना अजून एक तांब्या मागितला. मे महिना होता, घाई किती टिकणार?

*

नानांची सून वर्षा. धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून आलेली. शतक संपत आलं होतं आणि इंटरनेट नावाचं प्रकरण नुकतंच जळगावात शिरलं होतं. वर्षा म्हणाली, "नाना, आपली माणसं परदेशात गेलीत. त्यांना तिथे बसून बिबड्या मागवता येतील असं दुकान काढू."

नाना म्हणाले, "काढ. पण आखाजीपर्यंत ऑर्डरी आल्या नाहीत तर ही फोनची लाइन तोडायची. दिवसभर तू लावून बसतेस, माझे फोन बंद."

आणि एक अट घातली. दुकान म्हटलं की पाणी आलं. तेव्हा साइट उघडली की आधी अक्का तांब्या घेऊन दिसली पाहिजे, मग बिबड्या.

फोटोग्राफर आला. दारात नवी घागर मांडली, शेजारी अक्का उभी, डोक्यावर पदर, हातात तांब्या. डोक्यापासून पायापर्यंत. वर्षाने तो लहान करायला घेतला तर नाना भडकले. "बायको आहे माझी, पोस्टाचं तिकीट नाही."

अक्काला ऑर्डरींचं काही पडलं नव्हतं. तिची लेक रेखा लग्न होऊन अमेरिकेला गेली, त्याला चार वर्षं झाली होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात त्या सणाला लेकी माहेरी येतात. रेखा चार आखाज्या आली नव्हती. अक्काला एवढंच हवं होतं की रेखाने तिकडून साइट उघडावी आणि आपण तिला दिसावं.

मी म्हटलं, "मग फोटो पाकिटात घालून पाठव की. एवढा खटाटोप कशाला?"

अक्का म्हणाली, "पाकिटातला फोटो कपाटात जातो, भाऊ. इथे मी दारात उभी राहीन. ती येईल तेव्हा पाणी घेऊन."

मी पुढचा पुडा बांधायला घेतला.

*

फोटो उघडायचा वरून खाली, एकेक पट्टी. त्या वेळच्या लाइनीने आमच्याकडून अमेरिकेला जायचं म्हणजे एका बैलगाडीने गावाचा कापूस हलवायचा.

रेखाचा सकाळी फोन यायचा. आई असली तरी सगळ्या गल्लीसारखी तीही अक्काच म्हणायची.

"अक्का, आज पदर दिसला."

आठवड्याने, "आज कपाळापर्यंत आलीस. कुंकू दिसलं आणि लाइन तुटली."

अक्का दिवसभर खूश. जो येईल त्याला सांगायची, "रेखाकडे कपाळापर्यंत पोचले."

मग एकदा रेखा म्हणाली, "आज डोळे आले, अक्का." आणि फोन दोघींपैकी कोणी ठेवेना. नाना घड्याळाकडे बघत होते, परदेशचा फोन महाग. पण "ठेव" म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला नाना थोडे आवडले.

*

बाकीची गिऱ्हाइकं लेकी नव्हती. ती कशाला थांबतील? आपल्याच भागातला एक जण कुठल्याशा आखाती देशात होता. त्याने लिहिलं, "साइट उघडली, आंघोळ करून आलो, बाईंच्या नाकापर्यंत आली होती. बिबड्या कुठे आहेत?"

आखाजी महिन्यावर आली. ऑर्डर एक नाही. वर्षा म्हणाली, "नाना, फोटो काढून टाकू. लोक कंटाळून निघून जातात."

"पाणी न देता भाव सांगू?"

"अहो, पाणी येईपर्यंत माणूस राहत नाही."

"मग पाणी लवकर आण. माणसाला काय दोष देतेस?"

तीन दिवस सासरा-सून एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. मी कंटाळून म्हटलं, "मी पुडे बांधायला आहे, निरोप्या नाही."

चौथ्या दिवशी वर्षाला तिच्या कॉलेजातला दिलीप आठवला. शिंदखेड्याचा मुलगा, अमेरिकेत एका कंपनीत कामाला. त्या कंपनीचा धंदाच असा की लांबच्या दुकानांचे फोटो घेऊन त्यांच्या नकला जगात ठिकठिकाणच्या मशीनांवर ठेवायच्या. ज्याने साइट उघडली त्याला त्याच्या जवळच्या मशीनवरून फोटो मिळणार. जळगावपासूनची खेप वाचली. दिलीपने साहेबाला विचारून आमचे फोटो फुकट ठेवून घेतले. त्याने एवढंच मागितलं की शिंदखेड्याला आईकडे बिबड्या पोचवा.

वर्षा हे नानांना इंग्रजी शब्द घालून समजावत होती. नाना नुसते मान हलवत होते, म्हणजे डोक्यात काही शिरत नव्हतं. मी सुतळी तोडत म्हटलं, "नाना, पाणपोई. उन्हाळ्यात तुम्ही पाचोऱ्याच्या रस्त्यावर माठ भरून ठेवता ना? तहानलेल्याला पाण्यासाठी जळगावपर्यंत चालायला लावता का?"

नाना म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलं?"

*

दोन दिवसांनी रेखाचा फोन आला. अक्काने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला आणि विचारलं, "बठ्ठी उनी का मी?"

म्हणजे, सगळी आले का मी?

"आलीस, अक्का. बोट दाबलं आणि उभी. पायापर्यंत." मग जरा थांबून, "अंगठ्याला चिंधी कसली बांधलीस?"

अक्काने पाय लुगड्यात ओढून घेतला, जसं काही रेखाला आत्ता दिसत होतं. फोटोच्या आदल्या दिवशी पाटा पडला होता पायावर. घरात नाना होते, मुलगा होता, सून होती, मी होतो. फोटो भिंतीवरही लावला होता. चिंधी कोणाला दिसली नव्हती.

त्या आखाजीला ऑर्डरी आल्या. लाइन तोडावी लागली नाही. नाना फोन करायला शेजारच्या किराणावाल्याकडे जाऊ लागले.

*

पाणपोईची एक गंमत असते. माठ तुम्ही बदलाल तेव्हाच बदलतो.

वाळत घातलेल्या बिबड्यांचा एक फोटो होता, त्याच्या कोपऱ्यात बकरीचं तोंड आलं होतं. वर्षाने इथला फोटो बदलला, दिलीपला कळवायची राहिली. तिकडे बकरी दोन महिने बिबड्यांकडे बघत होती. लिहिलेला मजकूर हलका, तो दर वेळी इथून ताजा जायचा. फोटो मात्र तिकडचेच दिसायचे. एका बाईने लिहिलं, "दोन पाकिटं पाठवा. बकरीने तोंड लावलेल्या नकोत."

मी पाकिटावर लिहून पाठवलं, "बकरीला विचारून घेतल्या आहेत." वर्षा रागावली. त्या बाईने पुढच्या वेळी चार पाकिटं मागवली.

*

पुढच्या वर्षी थंडीत अक्काचं पोटाचं ऑपरेशन झालं, धुळ्याला. महिनाभर दवाखान्यात. परत आली ती निम्मी होऊन. रेखाला कळवायचं नाही, असं तिनेच बजावलं. त्या महिन्यात रेखाचा फोन आला की आम्ही म्हणायचो, अक्का गावाला गेलीय. नवी नोकरी, रजा नाही, तिकडे बसून नुसती रडेल. घरी आल्यावर अक्का फोनवर आवाज मोठा काढून बोलायची आणि ठेवला की पलंगावर पडायची.

आखाजीला दरवर्षी नवी घागर येते, म्हणून नानांना फोटोही नवा हवा. अक्का उभी राहिली. लुगडं अंगावर नव्हे, खुंटीवर टांगल्यासारखं. फोटो निघाला. बिबड्यांचा भावही त्याच दिवशी बदलला.

अक्काने वर्षाला जवळ बोलावलं. "इथे लाव नवा. तिकडे जुनाच राहू दे."

वर्षाने दिलीपला फोटो पाठवला नाही.

आठवड्याने रेखाचा फोन. मी तिथेच पुडा बांधत होतो, आवाज मला ऐकू येत होता.

"अक्का, माझ्याकडे मागच्याच वर्षीची घागर दिसते. यंदा घेतली नाही?"

"घेतली तर. तिकडे पोचायला वेळ लागतो, माय."

"हां." मग, "पण बिबड्यांचा नवा भाव तर पोचला."

अक्काने घाईने फोन ठेवला.

आखाजीच्या आदल्या सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. रेखा उतरली, हातात एकच बॅग. नाना गल्ल्यावरून उठले आणि नुसतेच उभे राहिले. मी पाणी आणायला निघालो.

रेखा म्हणाली, "भाऊ, तुम्ही बसा."

आतून अक्काने आवाज ओळखला होता. बोळाच्या टोकाला आधी भिंतीवर हात दिसला. मग पदर. मग कपाळ. दुसऱ्या हातात तांब्या होता, हिंदकळत होता. दोन पावलं टाकायची आणि थांबायची. नाना धावायला लागले तर रेखाने त्यांचा दंड धरला. स्वतःही उंबऱ्याच्या आत आली नाही. तिथूनच म्हणाली,

"सावकाश ये, अक्का. माले सवय शे."