पेन्सिलीतले साठ किलो

साकीनाक्याच्या एका गाळ्यात पंपांचे सुटे भाग बनतात. तिथल्या स्टोअरची किल्ली गेली बावीस वर्षं चेतनाकडे आहे. या बाईचा आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विमानांचा काय संबंध, असं कुणीही विचारील, आणि घाटकोपरच्या शेजारणींनी तोंडावर विचारलंही. तिचं उत्तर ठरलेलं. "अगं, विमान म्हणजे काय? उडणारं स्टोअर. कुठल्या हुकाला कुठला माल, किती नग, एवढंच तर बघायचं."

संबंध जडला तो एका लेथ मशीनमुळे. मालकांनी जुनं जपानी मशीन पदरात पाडून घेतलं आणि सोबत आलेलं सुट्या भागांचं पुस्तक सगळं जपानीत. गाळ्यातले पुरुष ते उलटंसुलटं धरून बघत बसले. चेतनानं एक शब्दकोश पैदा केला आणि रोज जेवणाच्या सुट्टीत दहा चिन्हं, असा धडाका लावला. वर्षभरात ती डावा बोल्ट, उजवा बोल्ट, नगसंख्या, वजन सगळं घडाघडा वाचायला लागली. कुणी जपानीत "कशी आहेस" विचारलं असतं तर मात्र तिची बोबडी वळली असती.

मग कधीतरी तिनं मोबाइलवर लढाऊ विमानांचा एक गेम उतरवून घेतला. त्यात एकाच विमानाला कधी दोन बॉम्ब, कधी सहा. हे आकडे आले कुठून, याचा कुठेच पत्ता नाही. स्टोअरवाल्या बाईला हे सहन होणं शक्य नव्हतं. ती इंटरनेटवर युद्धकाळातली जपानी पुस्तकं शोधू लागली. विमानवेड्यांच्या एका फोरमवर नाव घेतलं 'बिनकार्ड'. स्टोअरमध्ये प्रत्येक कप्प्याला जे कार्ड टांगलेलं असतं, माल किती आला, किती गेला, किती उरला हे सांगणारं, त्याचं हे इंग्रजी नाव. चुकतमाकत इंग्रजीत दोन वर्षं तिथे लिहिलं, मग तिथल्या रोजच्या भांडणांना कंटाळून सोडून दिलं.

अभ्यास मात्र सुटला नाही, आणि तो कामाला आला. मालाडच्या एका गेम कंपनीला जपानी विमानांचा खरा शस्त्रसाठा शोधायला माणूस हवा होता. जपानी भाषेचे पदवीधर आले आणि बॉम्ब अडकवायच्या हुकाच्या वर्णनापाशी अडकून बसले. चेतनाला तर हुकाखेरीज दुसरं काही येतच नव्हतं. काम तिला मिळालं. गेमच्या जाहिरातीत कंपनीनं ठळक लिहिलं, 'प्रत्येक आकडा मूळ कागदावरून'. चेतनानंही ऐटीत अट घालून ठेवली होती. तिनं दिलेली एक जरी ओळ चुकीची गेममध्ये गेली, तर गेमच्या श्रेयनामावलीतून तिचं नाव काढायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव कुठेतरी छापून येणार होतं, आणि ते तिला फार, फार हवं होतं.

गेममधल्या शस्त्रांची यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, साप्ताहिक सुट्टीला, ती मालाडला गेली. गेमचा प्रमुख सौरभ वाटच बघत होता. तिशीही न गाठलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला.

"चेतनाताई, एकच विमान अडलंय. लष्कराचं हे छोटं हल्ल्याचं विमान. तुम्ही दिलंय पन्नास किलोचे चार बॉम्ब. सगळं जग म्हणतं साठचे चार."

"जग म्हणू दे ना. पन्नासच."

"अहो, साठनं पूल एका फेरीत पडतो. पन्नास केलं की दोन फेऱ्या. खेळून बघणारे लोक वैतागलेत यार."

"मग पूल कच्चा बांध. बॉम्ब कशाला फुगवतोस?"

सौरभ हसला, पण हटला नाही. चेतनानं मग त्याला समजावलं. जपानचं लष्कर वेगळं, नौदल वेगळं, आणि दोघांची स्टोअरंही वेगळी. साठ किलोचा बॉम्ब नौदलाचा. लष्कराकडे पन्नासचा आणि शंभरचा. "आमच्या गाळ्यात दोन खाती आहेत, तरी माल काढायची याची स्लिप त्याला चालत नाही. हे तर दोन सेनापती, एकमेकांचं तोंड न बघणारे. लष्कराच्या विमानाला नौदलाचा माल देईल कोण?"

"लॉजिक झकास आहे. पण माझ्याकडे तीन पुरावे आहेत," सौरभ म्हणाला आणि त्यानं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिन्ही लावले. एक वेबसाइट, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि दुसऱ्या एका कंपनीचा गाजलेला गेम. तिघांचं एकमत. साठ किलोचे चार.

चेतना चष्मा सावरून वाचायला लागली. वेबसाइटवर पुढे लिहिलं होतं की कडेचे दोन बॉम्ब मधल्या दोघांपेक्षा जरा खाली लटकतात. पुस्तकातही तेच. गेममधल्या विमानालाही कडेचे दोन खालीच टांगलेले. तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

ते वाक्य तिचं होतं. आठ वर्षांपूर्वी फोरमवर लिहिलेलं. तेव्हा तिच्याकडे या विमानाचा एकच फोटो होता, तोही संगणकाच्या पडद्यावरून मोबाइलनं तिरका काढलेला. तिरक्या फोटोत कडेचे बॉम्ब खाली दिसले, तसं तिनं लिहिलं. बॉम्बांच्या याद्यांपैकी तेव्हा फक्त नौदलाची हाताशी होती, म्हणून वजन ठोकून दिलं साठ. पुढे लिहिलं होतं, 'असावेत'. ते 'असावेत' वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं.

तिचे वडील दादू बसडेपोच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. त्यांनी तिला कामाला लागताना एकच गोष्ट शिकवली होती. मोजलेला आकडा शाईत लिहायचा, अंदाजाचा पेन्सिलीत. मोजणी झाली की पेन्सिल खोडायची. बावीस वर्षं तिनं हे डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. साकीनाक्याच्या कार्डांवर तिचे पेन्सिलीतले आकडे कुणीही ओळखले असते. पण फोरमवर पेन्सिल नसते. चेतना मात्र तिथे स्टोअरच्या सवयीनं अंदाज लिहून मोकळी झाली होती, आणि मोजणी करायला परत गेलीच नव्हती.

खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं की बिनकार्ड म्हणजे कोण. गप्प बसणं अगदी सोपं होतं. 'बरं, साठ तर साठ' म्हटलं असतं, तरी सगळे खूश झाले असते आणि तिचं नावही राहिलं असतं. तिला हा मोह झाला, खोटं कशाला सांगायचं. पाणी पिण्याच्या निमित्तानं तिनं दोन मिनिटं काढली.

मग ती म्हणाली, "सौरभ, हे तीन पुरावे नाहीत. एकच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी. तिघांनी माझं उतरवलंय. त्या पुस्तकाच्या या पानाची तळटीप बघ, बिनकार्ड असं नाव असेल. ती मीच."

तळटीप सापडली. सौरभनं ती दोनदा वाचली. "वाट लागली! म्हणजे ताई, तुम्ही चुकलात?"

"हो. आठ वर्षं." तिनं पिशवीतून कागद काढला. लष्कराच्या शस्त्रांच्या पुस्तकातलं या विमानाचं पान. वरच्या कोपऱ्यातल्या लष्कराच्या चिन्हावर, एका रेषेतल्या चार हुकांच्या आकृतीवर आणि खाली पन्नासच्या आकड्यावर बोट ठेवलं. "तो अंदाज होता. हे मोजलेलं आहे. आता सांग, काय लावतोस?"

सौरभनं कागद पाहिला आणि पन्नास लावलं. कडेचे दोन बॉम्बही वर चढवले.

"आणि माझं नाव काढ," चेतना म्हणाली.

"का काढू? तुमची अट काय होती? चुकीची ओळ गेममध्ये गेली तर. आमच्याकडे गेलीच नाही ना."

पोरगं बरोबर बोलत होतं. त्याच्या गेटमधून चुकीचा माल गेलाच नव्हता. गेला होता तो तिच्या स्वतःच्या गेटमधून, आठ वर्षांपूर्वी, आणि तो अजून जगभर फिरत होता.

घरी येऊन तिनं दादूंना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "पेन्सिल खोडायची राहिली ना? मग जा, खोड," एवढंच म्हणाले.

दिवेलागणीला चहा बाजूला ठेवून ती जुन्या फोरमवर गेली. पासवर्ड आठवायलाच अर्धा तास गेला. मग तिनं लिहिलं की या विमानाचे बॉम्ब साठ नव्हे, पन्नास किलोचे होते, आणि कडेचे दोन खाली लटकत नव्हते. मूळ पानही जोडलं. खाली बिनकार्ड.

दहाव्या मिनिटाला कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. 'चूक. छापील पुस्तकात साठ दिलंय. लिहिण्याआधी पुस्तकं वाचत जा.'

चेतना इतकी मोठ्यानं हसली की आतून दादू बाहेर आले. मग तिनं पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला घेतलं, 'त्या पुस्तकाची तळटीप वाचा. तुमच्या पुस्तकातली चूक माझी आहे.'