नंबर घासलेलं कार्ड

माझा थोरला लेक प्रसेनजीत शिरोलीच्या एमआयडीसीत, जिनेंद्रअण्णांच्या छोट्या कारखान्यात कामाला. मी दुसरीतनं शाळा सोडली, पण त्याचं काम मला कळतं, इतक्या वेळा त्यानं ते जेवताना ऐकवलंय. साखर कारखान्याच्या बॉयलरात पाणी किती, हे सांगणारं यंत्र व्होल्टेज देतं. आकडा बघायची खोली लांब. तारेनं जाता जाता व्होल्टेज वाटेतच कमी होतं. करंटचं तसं नाही. जेवढा सोडला तेवढा पोचतो. म्हणून व्होल्टेजचा करंट करणारं कार्ड लागतं. पाणी तळाला गेलं तरी चार मिलिअँपिअर वाहायचाच, भरलं की वीस. काहीच आलं नाही तर समजायचं, तार तुटली.

हे कार्ड त्यानं ९६ साली स्वतः बनवलं. कुणी नक्कल करू नये म्हणून त्यातल्या आयसीवरचे, म्हणजे काळ्या चिपांवरचे, नंबर पॉलिश पेपरनं घासून टाकायचे. तिथं सगळेच घासायचे. आमच्यात ते काम माझ्याकडं. भाकरी झाल्या की मी परातीत आयसी घेऊन बसायची. कार्डाचा नकाशाही त्यानं कागदावर काढला नाही. डोक्यातलं कोण चोरतंय, म्हणायचा. मलाही ते शहाणपणाचं वाटलं.

दोन वर्षांनी पुण्याच्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं. एक डिसेंबरला हजर व्हायचं. सून संघप्रियानं भांडीसुद्धा बांधली.

अण्णा काही वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "जा की, कोण अडवतंय? पर उसाचं गळीत चालू हाय. कृष्णातला शिकवून जा."

कृष्णात हाताखालचा कारागीर. तो बसला शिकायला, तर नंबर घासलेले, नकाशा नाही. त्यात प्रसेनजीत प्रत्येक कार्ड तापवून बघायचा आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत रेझिस्टर बदलत राहायचा. साखर कारखान्यात अशी अकरा कार्डं, अकरांच्या अकरा तऱ्हा. कृष्णातनं केलेलं कार्ड टेबलावर नीट चालायचं. बॉयलरच्या धगीत मात्र काचेच्या नळीत पाणी अर्धं आणि आकडा पाऊण. अशा आकड्यावर विसंबून पाणी कमी पडलं तर बॉयलर फुटायचा.

बॉयलरवरचा आकाराम प्रसेनजीतला म्हणाला, "तू गेलास तर मी हितं उभा ऱ्हाणार न्हाय."

त्या दिवशी तो भिंतीकडं तोंड करून जेवला. संघप्रिया म्हणाली, "कोंडलंय कुणी तुमास्नी? कडी तर तुमीच आतनं लावलीया."

कडी लावायला माझाही हात होता.

त्यानं पुण्याला मार्चपर्यंत मुदत मागितली. उत्तर आलं, जागा भरली. मग तो एकेक कार्ड उघडून नकाशे काढत बसला. गळीत संपलं तेव्हा अकरा कागद तयार आणि कृष्णात तरबेज.

जूनमध्ये कृष्णात पेढे घेऊन आला. पुण्याला नोकरी लागली होती, त्याच कंपनीत. मुलाखतीत त्यानं कार्डाचा नकाशा काढून दाखवला म्हणे. माझ्या पाया पडला.

प्रसेनजीतनं दोन पेढे खाल्ले. चांगलं झालं, म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी नवा माणूस आणून शिकायला त्याच्यासमोर बसवला.