सोडलेल्या बैलांची साक्ष

गाडीच्या विम्याचं नूतनीकरणाचं पत्र आज आलं आणि हाताला पुन्हा जॅकची तेलकट दांडी जाणवली. त्या दिवशी मोताळ्याचा आठवडी बाजार होता, उन्हात कडब्याचा आणि भज्यांच्या तेलाचा वास होता. गाडी मागे घेताना मी एका उभ्या बैलगाडीवर आदळलो आणि माझ्या गाडीची मागची काच फुटली. विम्याचा एजंट फोनवर म्हणाला, "भाऊ, क्लेम केला त बोनस गेला समजा." पाच वर्षं दावा न करून मिळवलेली हप्त्यातली निम्मी सूट मला सोडवेना, म्हणून मी गाडीवानाची गचांडी धरून भरपाई मागितली. "काका, बैल त सोडेल हायेत, माही गाडी चालनच कशी?" तो म्हणाला आणि लोक हसले. "मले शिकवतं काय बे?" म्हणत मी डिकीतली जॅकची दांडी काढून त्याच्यावर हाणली. दुसऱ्या घावाला त्याच्या मनगटाचं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, तरी तिसरा घातला. त्याच्या बायकोनं रडत पैसे फेकले, ते मी वाकून वेचले. पोलीस ठाण्यात मी सांगितलं की त्यानंच बैलगाडी माझ्या गाडीवर घातली. त्या हातानं त्याला पुन्हा कासरा धरता आला नाही. आज लिहून ठेवतो, बैल सोडलेले होते आणि चूक माझी होती. पत्रात मात्र छापलं आहे, आजवर एकही दावा नाही, सूट कायम.