वाल्मीकच्या पाळीचा भाग

निवृत्तीरावांनी उभा जन्म एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात लोकांच्या पाळ्या लावण्यात घालवला. रिटायर झाल्यावर नाशिकरोडला मारुतीच्या देवळामागच्या खोलीत वाचक मंडळ काढलं, तेव्हाही आधी पाळ्याच ठरवल्या. एक जाडजूड कादंबरी घ्यायची, बाइंडरकडून उसवून तिचे सहा भाग शिवून घ्यायचे आणि एकेक भाग वाचून झाला की दर शनिवारी पुढच्याच्या हातात द्यायचा. पुस्तक फाडायचं म्हटल्यावर मंडळातल्या झुंबरने कपाळाला हात लावला होता. नियम दोनच होते: पाळी मोडायची नाही आणि पुढचं कुणी फोडायचं नाही. मोडणाऱ्याला निवृत्तीराव असे काही झापत, की माणसाला परत ड्यूटीवर आल्यासारखं वाटे.

वाल्मीकची पाळी शेवटची. बॉयलरवर आयुष्य काढलेला हा गडी, पेपराच्या पलीकडे त्याने कधी काही वाचलं नव्हतं. पण या कादंबरीतली घर सोडून गेलेली मुलगी त्याच्या डोक्यात बसली. ती आईकडे परत येते की नाही, यावरून तो चहा गार होईपर्यंत भांडायचा.

पाचवा भाग संपला आणि वाल्मीकने अंथरूण धरलं. पोटातलं दुखणं लिव्हरपर्यंत गेलं होतं. त्याच्या मुलाने, महेशने, निवृत्तीरावांना जिन्यात गाठून सांगितलं, "काका, डॉक्टरांनी आशा सोडलीय. बाबांना कळू देऊ नका."

त्याच शनिवारी झुंबरने वाचून झालेला सहावा भाग निवृत्तीरावांकडे दिला, वाल्मीकला पोचवायला. त्यांचा तो कधीच वाचून झाला होता, तरी त्यांनी तो घरी कपाटात ठेवला. वाट बघायला काहीतरी असलं की माणूस तग धरतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. वेडी समजूत, पण त्यांचा जीव तिच्यात अडकला. दोस्त जायला नको होता, एवढंच त्यांना कळत होतं.

"सहावा आणला का?" वाल्मीक विचारायचा.

"झुंबरचा व्हायचाय अजून. पाळीनं येईल."

पुढे पुढे वाल्मीकने विचारणं सोडलं. निवृत्तीरावांना वाटलं, ग्लानी असेल. दिवाळीनंतर तो गेला.

दशक्रियेला सगळं मंडळ रामकुंडावर होतं. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले, पिंडाकडे एकही फिरकेना. नातेवाइकांनी हात जोडून एकेक कबूल केलं. नातीचं शिक्षण करू, त्याच्या बायकोला, सुलाबाईला सांभाळू. कावळा ढिम्म. निवृत्तीरावांच्या पिशवीत सहावा भाग होता. पण चारचौघांत ते कबूल करायला त्यांना तोंड उघडवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

लोक पांगल्यावर ते सुलाबाईजवळ गेले. "वहिनी, त्याचा भाग माझ्याकडेच राहिला. मी खोटं बोललो. वाट बघायला काही असलं तर तो तग धरेल, असं वाटलं."

सुलाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"झुंबरभाऊ भेटायला आले व्हते," त्या म्हणाल्या. "ते बोलले, मी कवाच निवृत्तीकडं दिलं. ते गेल्यावर हे मला म्हनले, निवृत्ती कधी पाळी मोडत नाय. त्यानं मोडली, म्हंजे माझं काय खरं नाय. मग तुम्हाला परत विचारलं नाय त्यांनी. म्हनले, त्याला बिचाऱ्याला कशाला अवघड करायचं."

निवृत्तीराव पायरीवर बसले. ज्याच्यापासून लपवायचं, त्याला त्यांनीच सांगून टाकलं होतं. वर त्यानेच त्यांना सांभाळून घेतलं होतं. त्यांनी भाग काढून पुढे केला.

"मला काय करायचं त्याचं?" सुलाबाई म्हणाल्या. "मला वाचता कुठं येतंय? रोज हे वाचून दाखवायचे मला."

मग त्यांनीच विचारलं, "ती पोरगी आली का वो घरी?"

"नाही आली," निवृत्तीराव म्हणाले.