पाटाचं शेवटचं शेत

कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावी मी सून म्हणून आले तेव्हा शेतीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. माझं माहेर तंजावरचं, दरबाराच्या जुन्या चाकरीतलं. इंग्रजानं राज्य खालसा केलं त्याला पिढ्या लोटल्या होत्या, पण आमच्या घरातली ऐट अजून दरबाराचीच होती. भात कुठून येतो असं कुणी विचारलं असतं तर मी 'कोठीतून' म्हणून मोकळी झाले असते. आमचं बोलणं ऐकून पुण्याकडच्या पाहुण्यांना हसू येई, त्यांच्या पणजोबांच्या तोंडचे शब्द आम्ही अजून वापरतो म्हणे. येऊ दे की हसू. पणजोबांचं काही वाईट चाललं नव्हतं.

सासरही त्याच मुशीतलं. पूर्वजांना मिळालेली जमीन पाटाच्या अगदी तोंडाशी होती. नदीतून पाणी पाटात शिरलं की आधी आमच्या शेताला लागायचं, मग खालच्या सगळ्यांना. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, याचा फार अभिमान. जणू कावेरी त्यांना मुजरा करूनच पुढे जात होती. कुंभकोणमला जाताना ते तिरुभुवनमचं रेशीमकाठी उपरणं खांद्यावर टाकत, आणि एकादशीला मरुदानल्लूरच्या भजनाला पहिल्या रांगेत बसत. मातीत पाय मात्र त्यांनी कधी घातला नव्हता. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: ते, त्यांचा मुलगा आणि मी.

मुलगा निराळा निघाला. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक संघ केला होता, आणि तो उभा करणाऱ्यांत माझा नवरा पुढे होता. लग्नाकार्याला लागणारे मोठे हंडे आणि काहिली संघाच्या, ज्याला लागतील त्यानं न्याव्यात आणि घासून आणून द्याव्यात. चैत्राच्या उन्हात कुंभकोणमच्या रस्त्यावर संघ पाणपोई घाली, येणाऱ्याजाणाऱ्याला कढीलिंब घातलेलं पातळ ताक मिळे. चेरीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतल्या माणसांना मात्र संघात घेतलेलं नव्हतं. वर्षभर मातीत तीच, आणि संघाच्या पंगतीत ती नाहीत. हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

पण संघाचं खरं काम म्हणजे पाट उपसणं. नदी सरकारची, तिचे दरवाजे सरकारचे, पण गावचा पाट गावानंच साफ करायचा, ही तिकडची जुनी रीत. संघानं तिला दोन नियम जोडले होते. पहिला, गाळ काढायची सुरुवात पाटाच्या शेवटापासून करायची. वरून सुरुवात केली की वरची माणसं आपापला तुकडा झाला की हात झटकून घरी जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून संघाचा मुख्यही तोच असे, ज्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटी आहे. ज्याला पाणी सगळ्यांत उशिरा मिळतं, त्याचं लक्ष सगळ्यांत चांगलं, असा हिशोब. दुसरा नियम असा, की प्रत्येक घरानं आपला तुकडा आपल्या हातानं उपसायचा. मजूर लावायचा नाही.

आणि कुणाला जमत नसेल तर? त्यासाठी एक रीत होती, ती मला फार आवडायची. पाटाच्या तोंडाशी पिंपळाखाली पिल्लैयार होता, आपला गणपती. ज्याला आपलं काम झेपणार नाही त्यानं आपलं फावडं त्या पिल्लैयारापुढे आणून ठेवायचं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. सकाळी बाकीचे येतात, त्याच फावड्यानं त्याचा तुकडा उपसतात आणि फावडं त्याच्या दारात ठेवून जातात. पण फावडं ठेवलं नसेल तर दुसऱ्याच्या तुकड्यात कुणी उतरायचं नाही. न मागता मदत करणं म्हणजे त्या घराची अब्रू काढणं.

त्या वर्षी चैत्रात पाणपोईचा मांडव शाकारताना माझा नवरा वरून पडला आणि पाय मोडला. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कांबी बांधून त्याला अंथरुणावर घातला. मामंजींनी त्या दिवसापासून संघाचं नाव टाकलं. संघानं माझ्या मुलाचा पाय मोडला, एवढंच ते म्हणत, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकुलता एक मुलगा असा पडलेला बघून बापाला दुसरं काय सुचणार.

तमिळांचा आनी महिना लागला, आपला ज्येष्ठ-आषाढ. पाट शेवटापासून उपसत उपसत वर आला. एकेक घर आपला तुकडा संपवत गेलं आणि उरला फक्त आमचा, तोंडाशी असलेला. तिथे गुडघाभर गाळ. तो निघाल्याशिवाय खाली एक थेंब जाणार नव्हता. गावभर रोपं तयार होती, तळ्यातलं उरलंसुरलं पाणी शिंपून जगवलेली, आणि टोकाला पिवळी पडायला लागलेली. लावणी आणखी लांबली असती तर कुरुवैचं, म्हणजे पहिल्या भाताचं पीक गेलंच म्हणायचं, आमचं नव्हे, अख्ख्या गावाचं. तशात स्टेशनमास्तरनं तारेची बातमी सांगितली की वरच्या कल्लणै बंधाऱ्याचे दरवाजे उघडले. नदी चार-दोन दिवसांत आमच्यापर्यंत येणार होती.

संघाचा मुख्य आमच्या ओट्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. वय झालेला, काटक, कमरेला एक पंचा. शेवटचं शेत त्याचं, तेही कूळ म्हणून कसलेलं. मामंजी झोपाळ्यावरून उठले नाहीत.

"अय्या, पाणी निघालंय," तो म्हणाला.

"मी कुंभकोणमहून मजूर आणवतो," मामंजी तमिळमध्ये म्हणाले.

"मजूर चालत नाही, अय्या."

"मग माझा तुकडा तसाच राहील."

त्यानं फावड्याचं नाव काढलं नाही, काढता येत नव्हतं. नमस्कार करून गेला. मी आतून सगळं ऐकत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मी नवऱ्याकडे गेले. तो खुंटीवरच्या फावड्याकडे बघत पडला होता.

"तुम्ही का बोलत नाहीं?" मी विचारलं.

"बोललों. आमच्या घरानें दिलें आहे, कधीं घेतलें नाहीं, म्हणतात," तो म्हणाला. "मला तर उठतां येईना. तुला काय दिसतें तें कर."

बायकोला मोकळीक देण्याची ही नवऱ्यांची फार सोयीची तऱ्हा आहे. पण मला तेवढं पुरे होतं.

दुपारी जेवणं झाली, मामंजी आडवे झाले, आणि मी फावडं खांद्यावर टाकून निघाले. लपूनछपून नव्हे. भर उन्हात, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, गल्लीच्या मधोमध. ओट्यांवर पानं लावत बसलेल्या माणसांची पानं हातातच राहिली. मराठ्यांच्या घरची सून फावडं घेऊन चालली हे त्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी पिल्लैयारापुढे ते ठेवलं, हात जोडले आणि तशीच ताठ मानेनं परत आले.

सकाळी मामंजींना खुंटी रिकामी दिसली.

"फावडें कोठें?"

"पिल्लैयारापुढें ठेवलें."

"कोणास पुसून?"

"कोणास पुसलें नाहीं. पुसलें असतें तर तुम्ही नको म्हटलें असतें."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, वहाणा घातल्या आणि निघाले. फावडं परत आणायला निघाले होते, हे सांगायला नको. मी ताकाची कळशी उचलली आणि मागोमाग गेले. ताक हा आपला बहाणा.

पाटात पंधरा-वीस माणसं उतरलेली होती. गाळाच्या पाट्या हातोहात वर येत होत्या. आमचं फावडं मुख्याच्या हातात होतं. मामंजी काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "ते माझं आहे. इकडे दे."

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. कमरेच्या पंच्याच्या टोकानं त्यानं फावड्याचं पातं पुसलं आणि दोन्ही हातांनी वर दिलं. आणि मग जे झालं त्याचा मामंजींनी विचार केलेला नव्हता. मालकानं फावडं परत घेतलं म्हणजे त्याला आता मदत नको. एकेक करून सगळी माणसं पाटातून वर आली आणि काठावर उभी राहिली. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. खाली अर्धा उपसलेला गाळ, आणि वर रेशीमकाठी उपरणं घेतलेला, हातात फावडं धरलेला आमचा म्हातारा.

माझा जीव टांगणीला लागला होता. ते पाठ फिरवून घरी गेले असते तर कुणी अडवलं नसतं. आणि मग नदी येऊन पाटाच्या तोंडाशी अडून, तशीच पुढे निघून गेली असती. मी मनातल्या मनात पिल्लैयाराला सांगितलं की हे घरी गेले तर मी स्वतः उतरते, मग माहेरी काय सांगायचं ते तू सांग.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. वहाणा काढल्या. धोतर वर खोचलं आणि ते पाटात उतरले. पोटरीपर्यंत रुतले.

"कुठून सुरू करायचं?" त्यांनी विचारलं.

"शेवटाकडून, अय्या," मुख्य म्हणाला. "आमचं सगळं शेवटाकडूनच."

त्यांनी फावडं मारलं. पहिला घाव घसरला, दुसरा बसला. मुख्य खाली उतरला, फावड्याला हात न लावता पाटी धरून त्यांच्या शेजारी उभा राहिला, आणि ते काढतील तेवढा गाळ वर देत राहिला. त्या पाटीत किती पडत होता ते विचारू नका. बाकी कुणी हललं नाही. मामंजींचा श्वास काठावर ऐकू यायला लागला. तळहात सोलवटले असणार, ते सारखे मूठ बदलत होते. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम.

मग ते थांबले. फावड्यावर रेलून म्हणाले, "मला होत नाही."

आणि त्यांनी ते फावडं आपल्या हातानं मुख्याच्या हातात दिलं.

सगळी माणसं परत खाली उतरली, जणू मधे काही झालंच नव्हतं. मी कळशी खाली ठेवली आणि ताक ओतायला लागले. पहिला पेला मामंजींना देऊ लागले तर त्यांनी मुख्याकडे बोट दाखवलं. संध्याकाळच्या आत तुकडा साफ झाला आणि फावडं आमच्या दारात आलं, धुतलेलं.

नदी आली त्या सकाळी अख्खं गाव पाटाच्या तोंडाशी जमलं होतं. फळ्या वर केल्या आणि पाणी आत शिरलं, आधी फेस आणि काटक्याकुटक्या ढकलत, मग गढूळ. आमचं शेत पहिलं. रीतीप्रमाणे मामंजींनी तिथे थांबून हळदकुंकू वाहून घरी यायचं. मी घरी येऊन स्वयंपाक केला, नवऱ्याला जेवायला वाढलं, त्याला सगळं दोनदा सांगितलं, पण मामंजींचा पत्ता नाही. दिवेलागण झाली तेव्हा ते आले. वहाणा हातात, पाय चिखलानं माखलेले, उपरणं डोक्याला गुंडाळलेलं. पाण्याच्या सोबतीनं, पाण्याच्या चालीनं, ते पाटाच्या शेवटपर्यंत चालत गेले होते. आयुष्य त्या गावात गेलं, पण शेवटचं शेत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. ते ओट्यावर बसून राहिले.

"मुली," ते म्हणाले, "तेथें पोंचावयास पाण्यास दिवस लागतो. तो म्हातारा बांधावर बसून वाट पाहात होता. दर वर्षी असाच बसतो म्हणे. मला ठाव नव्हतें."

मग त्यांनी दारातलं फावडं उचललं, आत नेलं आणि खुंटीवर टांगलं. खुंटी जरा ढिली झाली होती, ती त्यांनी दगडानं ठोकून घट्ट केली आणि जेवायला बसले.