चुकीच्या जागी तोडलेला शब्द

पेन्शन घेतली तेव्हा मला मरणाची फार भीती वाटत होती. प्रकृती ठणठणीत होती, तरी वाटत होती. ठाण्याच्या कचेरीत तीस वर्षे मोडी खरडण्यात गेली, आणि माझ्याआधी घरी बसलेले दोन कारकून वर्षाच्या आत आटोपले होते. एक तर ओटीवर बसल्या बसल्याच. तेव्हापासून मी ओटीची धास्ती घेतली होती. सकाळची स्नानसंध्या उरकली की पुढचा दिवस खायला उठायचा. मी विहिरीपर्यंत जाऊन यायचो, पुन्हा जायचो. शेवटी बायको वैतागली. "अहो, अशा येरझारा घालू नका. मला धड भाजी चिरता येत नाही. काही नाही तर कुणाची पत्रं वाचून द्या."

ती रागाने बोलली, पण मी ते धरूनच बसलो. महिन्याभरात आमच्या नौपाड्यातल्या घरी माणसे येऊ लागली. कुणाला मुंबईच्या गिरणीतल्या भावाला लिहायचे असे, कुणाला मामलेदाराला अर्ज करायचा असे. अंगणातून कुणी "आहेत का घरात?" म्हणून विचारले की माझ्या जिवात जीव यायचा. चाळिशी लावूनही अक्षर पुसट दिसू लागले होते, ते मात्र मी कुणालाच सांगितले नाही, बायकोलासुद्धा नाही. अंदाजाने वाचायचो. वाक्य कुठे जाणार ते मला अर्ध्यावरच कळते, अशी माझी घमेंड होती.

एका दुपारी कोपरीची एक कोळीण पत्र घेऊन आली. तिची एकुलती मुलगी कल्याणला खाडीकाठी दिली होती. लग्नात मानपानावरून तिचे आणि विहिणीचे चांगलेच वाजले होते आणि तेव्हापासून जाणेयेणे बंद होते. हे साऱ्या बाजाराला ठाऊक, म्हणजे मलाही ठाऊक. तिने पत्र पायरीवर ठेवले, मी उचलले. जावयाने कुणाकडून तरी लिहून घेतले होते. मुलगी बाळंत झाली, मूल गेले, तिला ताप आहे. "तुम्ही येऊ नका. पुढे पाहावे," असे मी वाचून दाखवले.

तिने पदराने तोंड पुसले. "इहिणीचंच काम ह्ये," ती म्हणाली. "पोरीला बगायला बी नको मी. लिवा भाऊ, येत नाय म्हनून."

मी लिहिले, 'आम्ही येत नाही.' चांगले ठसठशीत लिहिले आणि त्याच दिवशी टपालात टाकले.

तिचे पत्र माझ्याकडेच राहिले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कागद लावताना ते हाती आले आणि भर उन्हात अक्षर स्वच्छ दिसले. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. ओळ सलग चालवायची, आणि जागा संपली की शब्द जिथे असेल तिथे सोडून खाली यायचे. वरची ओळ संपत होती 'तुम्हीयेऊनका' अशी. खालची सुरू होत होती 'यतेपाहावे'. त्या 'यते'चे मी 'पुढे' केले होते. पत्रात होते, तुम्ही येऊन काय ते पाहावे.

पोर गेली असली तर? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी भीती आली, ती सांगायची लाज वाटते. हे बाहेर फुटले तर उद्यापासून माझ्या दारात कुत्रेदेखील फिरकणार नाही, मी ओटीवर एकटा बसेन आणि त्या कारकुनासारखा जाईन. मी पत्राची घडी केली आणि दप्तराच्या तळाशी सारली. कोळणीला कुठे वाचता येते, असेही मनात आले.

बायको बाहेर आली. "चेहरा का असा पांढराफटक पडलाय?" तिला वाटले, माझे काही खरे नाही. ती धावत पाणी घेऊन आली आणि मला पदराने वारा घालू लागली. माझ्यासाठी घाबरायला घरात माणूस होते. कल्याणच्या पोरीला मात्र आई येत नाही म्हणून कळवले होते, आणि ते मी कळवले होते. मग मला तिथे बसवेना.

बाजारात जाऊन चारचौघींच्या देखत मी कोळणीला सगळे सांगितले. ती मारील असे वाटले होते. तिने टोपली शेजारणीकडे सरकवली आणि म्हणाली, "चला."

"मी?"

"मंग? तुमीच सांगायचं तिला."

आगगाडीत ती माझ्यासमोर बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. डोंबिवली मागे पडली तशी मी पोरीला काय सांगायचे याची मनात जुळवाजुळव करू लागलो. कल्याणला उतरून खाडीकडे चालताना मी सारखा कानोसा घेत होतो. घराजवळ आलो तरी रडण्याचा आवाज नव्हता. एवढ्यावरच मी देवाचे आभार मानले.

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईने हाक मारली, तिने वळून पाहिले नाही. विहीण चुलीपाशी उभी होती. कोळणीने माझ्याकडे पाहिले. मी उंबऱ्यापाशीच खाली बसलो.

"पोरी," मी म्हणालो, "पत्रात या म्हणून लिहिलं होतं. मी येऊ नका असं वाचलं. मला नीट दिसत नाही."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारले. आता माझ्या दारात कोण येईल आणि कोण नाही, याचा विचार त्या वेळी माझ्या मनात आलासुद्धा नाही. मी फक्त तिच्या पाठीकडे बघत होतो.

तिने मान वळवली, पण आईकडे. "म्हंजी, येत नाय असं तू नाय बोललीस?"

"बोलले," कोळीण म्हणाली. "मला वाटलं, तुमाला मी नको."

"आन मला वाटलं, तुला मी नको," मुलगी म्हणाली आणि रडू लागली.

विहिणीने पेजेची वाटी भरली आणि कोळणीच्या हातात दिली. "तुमचं पत्र आल्यापासून काय घेतलं नाय तिनं," ती म्हणाली. कोळणीने वाटी लेकीच्या तोंडाला लावली. ती प्याली.